घरचा वाफा

माझ्या सासूबाईंच्या नाकावर माशी बसलेली मी कधी पाहिली नाही. हे मी कौतुकाने सांगतोय असं कुणी समजू नये. मुलगी मागायला त्यांच्या दारात गेलो, तेव्हा त्यांनी माझी कमाई विचारली नाही, घरदार विचारलं नाही. माझ्या शर्टाची बाही धरली, उलटी केली आणि आतली शिवण पाहिली. "बाहेरून काय, सगळेच नीट शिवतात," म्हणाल्या. शर्ट मीच शिवलेला होता. शिवण पसंत पडली असावी, कारण मुलगी मिळाली.

मी शिंपी. दुकानाच्या मागे दोन खोल्या, त्यातच आमचा संसार. बायको एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीला जाते. आम्हाला मुलगी झाली तेव्हा सासूबाई थोडे दिवस मदतीला म्हणून आल्या, त्या आल्याच. सासू घरात राहायला आली की जावयाचं काय होतं, असं शेजारपाजारचे मला डोळे मिचकावून विचारत. मी म्हणायचो, वजन वाढतं. आणि ते खरं होतं. बाईंच्या हाताला चव होती आणि भाजी त्यांच्या स्वतःच्या मळ्यातली असायची.

मळा म्हणायचा आपला. शहराच्या कडेला जुना कचरा डेपो आहे. तो भरून डोंगर झाला तेव्हा गाड्या यायच्या थांबल्या, वर मातीचा एक थर टाकला, भोवती तारेचं कुंपण घातलं. कुंपण आलं तसं भंगारात गेलं. डोंगराच्या पायथ्याला सपाट पट्टा उरला, तिथे लोकांनी वाफे पाडले. सासूबाई त्यातल्या अगदी सुरुवातीच्या. त्याआधी त्या त्याच डोंगरावर भंगार वेचायच्या. सासरे लवकर गेले, पदरात लहान मुलगी. बाटल्या, पत्रे, तांब्याची तार, जे मिळेल ते वेचून त्यांनी माझ्या बायकोला वाढवलं. त्यामुळे डोंगराला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. "तुम्ही टाकलंत, त्याने आम्हाला पोसलं," असं त्या तोंडावर सांगायच्या. मी एकदा नाकाला रुमाल लावला, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. तो दिवस तसा बरा गेला.

माती मात्र खरोखर पाहण्यासारखी होती. काळी, भुसभुशीत, मुठीत धरली की ओलावा लागायचा. काठी रोवली तरी फुटेल अशी. पालक, मुळा, कोबी, टोमॅटो, काय लावाल ते जोमाने यायचं. विकायच्या वाफ्यांना त्या पोत्यातलं खत द्यायच्या, फवारणीही करायच्या, कारण गिऱ्हाइकाला पान टवटवीत लागतं. पण घरच्यासाठी त्यांचा वेगळा वाफा होता. अगदी मागे, डोंगराच्या कुशीत. त्याला ना खत, ना फवारणी. त्यात त्या कुणाला पाय टाकू देत नसत.

ती जागा त्यांनी पारखून निवडली होती. डेपो चालू होता तेव्हा भंगारवाले तिथे तारा जाळून तांबं काढत, जुन्या बॅटऱ्या फोडत. वर्षानुवर्षं तिथे आग आणि राख. सासूबाईंचं म्हणणं असं, की जी माती इतकी भाजून निघाली तिच्यात घाण राहीलच कशी? जे काही वाईट होतं ते जळून गेलं. आणि पुरावा त्यांच्या डोळ्यासमोर होता. बाकीच्या वाफ्यांत फवारणी करूनही अळी पडायची, पण या वाफ्यात अळी फिरकायची नाही. मावा नाही, गोगलगाय नाही, खणलं तर गांडूळही नाही. "किडामुंगीलासुद्धा कळतं की ही जागा आपली नाही," असं त्या अभिमानाने म्हणायच्या. पानावर भोक म्हणजे घाण, आणि बिनभोकाचं पान म्हणजे स्वच्छ, हा त्यांचा हिशोब. आयुष्यभर भोक पडलेल्या पानांना कमी भाव मिळालेला त्यांनी पाहिला होता. मलाही तो हिशोब पटला होता. कुणाला पटला नसता?

त्या वाफ्यातली भाजी आम्हालाही मिळायची नाही. ती फक्त नातीची.

नात म्हणजे आमची भिंगरी. नाव सासूबाईंनीच पाडलं, कारण चालायला लागली आणि लगेच स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागली. आजीने तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं. दुपारी मळ्यातून आल्या की दोघी दुकानाच्या पायरीवर बसायच्या. आजी एक पान उचलून उन्हासमोर धरायची. भिंगरी मान वाकडी करून खालून बघायची. मग आजी विचारायची, "भोक आहे?" आणि भिंगरी टाळी वाजवून म्हणायची, "भोक नाही!" म्हटलं की तोंड उघडून उभी राहायची, आजी पानाचा कोवळा तुकडा तिच्या तोंडात घालायची. हा खेळ रोज. मी मशीनवर बसून पाहायचो आणि पाय मारायचं विसरायचो.

बाकी भिंगरी बोलायला उशीर करत होती. तिच्या बरोबरीची पोरं गोष्टी सांगायला लागली, आमची अजून एकेका शब्दावर. गिरक्याही कमी झाल्या. पोट दुखतं म्हणून कण्हायची, चिडचिड करायची, चेहरा फिका पडला. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाले, "रक्त कमी आहे. हिरव्या पालेभाज्या द्या भरपूर."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरांनी त्यांनाच पदवी दिली होती. त्या दिवसापासून घरच्या वाफ्यातली भाजी सकाळीही आणि संध्याकाळीही.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी जुड्यांबद्दल सांगायला हवं. पालकाच्या जुड्या बांधायला सगळे रबर वापरतात. सासूबाई माझ्या दुकानातली कातरणं न्यायच्या. मी कापडाचे काठ कापले की लांब पट्ट्या उरतात, त्या. त्यांची बांधणीही निराळी होती. दोन वेढे घ्यायचे आणि टोक आतून वर काढून खोचायचं. गाठ नाहीच. ओढलं की सुटतं. "गिऱ्हाइकाने दाताने का सोडावं?" असं त्यांचं म्हणणं. बाकीच्या बायकांनी पट्ट्या उचलल्या, बांधणी काही त्यांना जमली नाही. पट्टीवरून सासूबाई माझीही खोडी काढायच्या. "जावयाच्या दुकानात काय चाललंय ते बाजाराला आधी कळतं," म्हणायच्या. शाळेचे गणवेश आले की आठवडाभर सगळा पालक निळ्या पट्टीत.

एक दिवस मळ्यावर कॉलेजची मंडळी आली. एक मॅडम, बरोबर काही विद्यार्थी, पायात रबरी बूट, हातात पिशव्या. मातीचे आणि भाजीचे नमुने हवे होते. मळेवाल्यांनी त्यांना पिटाळून लावलं. शेजारच्या वाफ्यांचा मालक, ज्याच्याकडे पाण्याचा पंप आहे म्हणून सगळे त्याला पंपवाला म्हणतात, तो तर फावडं घेऊनच उभा राहिला. बोलावलं ते सासूबाईंनी. सगळे वाफे फिरवून दाखवले. वर म्हणाल्या, "हे विकायचं झालं. आता खरी भाजी दाखवते, या मागे."

मॅडम म्हणाल्या, एवढे नमुने पुरेत.

"पुरेत कसे? हे न्या. चांगली भाजी कशी असते ते तुमच्या मशीनलाही कळू दे की!"

आणि आपल्या हाताने घरच्या वाफ्यातली माती आणि पालक पिशवीत भरून दिला. माझ्या दुकानातल्या हिरव्या पट्टीने बांधून. घरी येऊन हे सगळं मला ऐटीत सांगितलं.

मॅडम परत आल्या त्या थेट आमच्या दुकानात. बसा म्हटलं तरी बसेनात. सगळ्याच वाफ्यांत जड धातू आहेत, असायला हवेत त्यापेक्षा जास्त, असं त्यांनी सांगितलं. शिसं, कॅडमियम. झाड ते मातीतून ओढून घेतं. मग म्हणाल्या, "मावशी, तुमचा तो मागचा वाफा. तिथला आकडा आम्ही पुन्हा पुन्हा तपासला. आम्हाला वाटलं मशीन बिघडलंय. तिथली भाजी कुठे विकता?"

"ती नाही विकत," सासूबाई म्हणाल्या. "ती घरची."

"घरात कोण खातं?"

सासूबाईंनी टेबलाखाली पाहिलं. भिंगरी माझ्या टेबलाखाली कातरणांशी खेळत होती. मॅडमनी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धुऊन दिली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"वरचं जातं. हे आत असतं."

"उकळून? पाणी ओतून टाकलं तर?"

"मावशी, नाही जात."

"अहो, पण तिथे अळीसुद्धा येत नाही!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "म्हणूनच कदाचित येत नसेल."

इतक्या वर्षांत त्यांना निरुत्तर झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

भिंगरीचं रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं, भरपूर निघालं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण चांगल्या माणसाकडेही सांगण्यासारखं चांगलं असतंच असं नाही. जे झालंय ते किती भरून येईल सांगता येत नाही, म्हणाल्या. बोलणं, शिकणं, लक्ष. आता नवीन आत जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात. दूध, अंडी द्या. पालेभाज्या द्या, पण चांगल्या ठिकाणच्या. रक्तात लोह कमी असलं की शरीर शिसं जास्त ओढतं.

घरी आल्यावर बायकोने आईला एकच गोष्ट विचारली. "मला का नाही दिलीस ती भाजी? मी मागितली होती एकदा. तिलाच का?"

"चांगली होती म्हणून," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर मायलेकींमध्ये कितीतरी दिवस बोलणं नव्हतं. मी दोघींच्या मधे निरोप्या झालो. मीठ आहे का विचार, दिवा बंद करायला सांग. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. तार जाळणारे कधीच निघून गेले होते. ज्यांच्या बॅटऱ्या, ते सगळं शहर. मी कचरा खात्याच्या कार्यालयात गेलो, एका खिडकीवरून दुसरीवर हिंडलो. शेवटी एकाने समजावलं, डेपो बंद झालाय, तिथे शेती करायला मनाई आहे, म्हणजे तिथे शेती होत नाही. होत नसलेल्या शेतीची तक्रार कशी घ्यायची? माझा तिळपापड झाला, पण करणार काय? हात हलवत परत आलो.

सासूबाईंनी घरचा वाफा मुळासकट उपटला. पोतं भरलं आणि मग प्रश्न पडला, टाकायचं कुठे? मॅडमना फोन केला. जाळू नका, म्हणाल्या. पुरू नका. शेळ्यांना घालू नका.

"मग काय, उशाला घेऊन झोपू?" सासूबाई फोनवर ओरडल्या. पोतं आमच्या मागच्या दाराशी उभं राहिलं. अजून आहे. आतलं सगळं वाळून चुरा झालंय.

मग विकायचे वाफेही सोडले. मी म्हटलं, थोडा विचार करा, पोटाचं बघा. "लोकांच्या घरी नाती नसतात का?" असं म्हणाल्या आणि मला गप्प केलं. त्यांनी वाफे सोडले आणि पंपवाल्याने त्याच दिवशी ते नांगरून आपल्यात घेतले. एवढी वर्षं कसलेली ती जागा मोकळी राहिली ती इतकाच वेळ.

काम मात्र कुठे मिळेना. त्या वयाच्या, तोंडाने फटकळ बाईला कोण ठेवणार? धुणीभांड्याला गेल्या, तर मालकिणीलाच साबण किती वापरावा ते शिकवून आल्या. घरात बसून खायची सवय नाही, बायको बोलत नाही, नातीसमोर बसवत नाही. भिंगरीला काहीच कळलं नव्हतं. दुपार झाली की रस्त्यावरच्या झाडाचं पान आणून आजीपुढे धरायची. आजी तोंड फिरवायची. मग पोर दोनदा-तीनदा "भोक नाही" म्हणायची, तोंड उघडून उभी राहायची आणि शेवटी रडायची. सासूबाई उठून बाहेर जायच्या.

अशाच एकदा बाहेर गेल्या त्या पंपवाल्याकडे रोजाने जुड्या बांधायला लागल्या.

मी चिडलो. "आई, तुम्हीच सोडलंत ना ते?"

"मी लावत नाही," त्या म्हणाल्या. "मी फक्त बांधते. मी नाही बांधली तर रबर लावून जाणारच आहे ती."

मी पुढे बोलणार होतो, तर म्हणाल्या, "तुमच्या पट्ट्या नका देऊ मग." मी पट्ट्या दिल्या. पट्ट्या अडवून काय अडणार होतं? संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा आणि माल घेऊन जायचा. लांब कुठेतरी जातो, एवढं आम्हाला माहीत होतं. लांब या शब्दाने तेवढंच बरं वाटायचं.

भिंगरीची भाजी मी आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या काचेच्या दुकानातून आणायचो. तिथे गार हवा, मंद गाणी, भाजीवर बारीक पाण्याचा फवारा. पालक निवडून पारदर्शक पिशवीत, पिशवीवर हिरव्या टेकडीचं आणि हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. भाव ऐकून मला घाम फुटायचा, त्या गार हवेतही. पण पोरीसाठी माणूस काय करत नाही! सासूबाईंना ती पिशवी आवडायची. चित्रावरून बोट फिरवून म्हणायच्या, "बघा, कशी मोकळी जागा आहे." मग तीन पाण्यांतून धुऊन, मऊ शिजवून भरवायच्या. बायको पुन्हा आईशी बोलायला लागली ती त्या भाजीवरूनच. मीठ जरा कमी घाल, म्हणाली. मला वाटलं, चला, मार्गाला लागलं.

रक्त पुन्हा तपासलं. आकडा होता जवळपास तिथेच.

"घरात आणखी काही आहे का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जुना रंग? खेळणी? भांडी?" मी भिंतीचा रंग खरवडून काढला. बायकोने जुनी भांडी विकून टाकली. खेळणी फेकली, त्यात भिंगरीची लाकडी बाहुलीही गेली. नळाचं पाणी तपासून आणलं. ते चांगलं निघालं. आम्ही घरात एकमेकांकडे चोरासारखं पाहायला लागलो. पण शिसं येत कुठून होतं ते सापडेना.

त्या आठवड्यात मी एका बड्या हॉटेलच्या दरवानांचे कोट शिवत होतो. जांभळं जाड कापड, काठाला सोनेरी धागा. असलं काम आमच्या दुकानात कधी येत नाही. हॉटेलवाल्यांनी कापड मुद्दाम विणून घेतलं होतं आणि पूर्ण ताका माझ्याकडेच दिला होता. काठ कापून काढावे लागले. सासूबाई त्या पट्ट्या हातात घेऊन हसल्या होत्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. "आज पालकाचं लग्नच लागतंय," म्हणाल्या आणि गठ्ठा काखेत मारून गेल्या होत्या.

दोन-चार दिवसांनी दुपारी मी काचेच्या दुकानातून पालक आणला. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, त्या दिवशी पंपवाल्याकडे काम नव्हतं. भिंगरी त्यांच्या पाठीला टेकून उभी होती. मी पिशवी फाडून पालक परातीत ओतला. देठांमध्ये, ओल्या पानांना चिकटलेलं, काहीतरी जांभळं दिसलं.

पट्टी होती. दोन वेढे तसेच, टोक आतून वर काढून खोचलेलं. काठाला सोनेरी धागा. दुकानात जुड्या सोडून पिशव्या भरताना एक तशीच राहून गेली असणार.

सासूबाईंनी पट्टीचं टोक ओढलं. ती लगेच सुटली.

"माझीच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी परातीतलं एक पान उचललं. का उचललं कोण जाणे, हाताची सवय. उन्हासमोर धरलं आणि बघत राहिल्या. पान मोठं, हिरवंगार, कुठे डाग नाही, कुठे कुरतडलेलं नाही.

किती दिवसांनी आजीने पान उचललं होतं! भिंगरी धावत पुढे आली. मान वाकडी करून खालून पाहिलं, नीट पाहिलं, आणि टाळी वाजवली.

"भोक नाही!" ती म्हणाली. आमच्या पोरीला अख्खं आणि स्पष्ट बोलता येतं ते एवढं एकच.

मग तोंड उघडून आजीपुढे उभी राहिली.